रेषेच्या आतली शाळा

फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल शहरात गारफील्ड हायस्कूल या सरकारी शाळेची मुले सकाळी सभेसाठी जमली आहेत. समोर पंचविशीतला एक गिटारवादक उभा आहे. नाव जिमी हेंड्रिक्स. आदल्या रात्री त्याने याच शहरात कार्यक्रम केला होता. एव्हाना लंडनपासून कॅलिफोर्नियापर्यंत त्याच्या नावाचा डंका वाजत होता. सात-आठ वर्षांपूर्वी तो याच शाळेत शिकत होता आणि शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला होता. आता शाळेने त्याला मानाने परत बोलावले होते. पण हातात गिटार नव्हती आणि गिटारीशिवाय काय बोलावे हे त्याला सुचत नव्हते. मुलांचे एक-दोन प्रश्न, त्याची तुटक उत्तरे, आणि तो निघून गेला.

हेंड्रिक्सच्या चरित्रांत हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. मला मात्र त्यात त्या माणसापेक्षा त्या शाळेविषयी अधिक कुतूहल वाटते. कारण ही शाळा नुसती हेंड्रिक्सची नाही. न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांचा वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी इथलाच. पुढे मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा निर्माता म्हणून जगाला माहीत झालेला क्विन्सी जोन्स इथलाच. ब्रूस ली इथे विद्यार्थी नव्हता, पण १९६३ च्या सुमारास तो इथे चिनी तत्त्वज्ञानावर बोलायला यायचा आणि त्याची पुढे पत्नी झालेली लिंडा एमरी याच शाळेची विद्यार्थिनी होती. एका वस्तीतल्या एका सरकारी शाळेच्या पटाभोवती जपानी, कृष्णवर्णीय, गोरे, चिनी अशी सगळी नावे कशी गोळा झाली?

या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की ती एक बहुसांस्कृतिक, उदार मनाची शाळा होती. उत्तर चूक नाही, पण ते गोष्टीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे पाहते. खरे उत्तर शोधायचे तर शाळेचे हजेरीपुस्तक बाजूला ठेवून शहरातल्या घरांची खरेदीखते उघडावी लागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकेत सरकारी शाळा म्हटले, की आपल्याकडच्यासारखी ‘ज्यांना दुसरीकडे परवडत नाही त्यांची शाळा’ असा अर्थ निघत नाही. तिथली बहुसंख्य मुले सरकारी शाळांतच शिकतात. पण कोणत्या सरकारी शाळेत, हे बहुतेक वेळा घराच्या पत्त्यावरून ठरते. प्रत्येक शाळेची हद्द आखलेली असते आणि त्या हद्दीतली मुले त्या शाळेत जातात. त्यामुळे शाळेत कोण कोणाशेजारी बसणार हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत. कोणाला कुठे घर मिळते यावर ते ठरते.

गारफील्ड हायस्कूल १९२० साली तात्पुरत्या इमारतीत सुरू झाले. वास्तुरचनाकार फ्लॉइड नारामोर याने आखलेली आजची विटांची भक्कम इमारत १९२३ मध्ये उभी राहिली. शाळेला नाव दिले गेले ते राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांचे. शाळा ज्या भागात आहे त्याला सेंट्रल डिस्ट्रिक्ट म्हणतात. शहराच्या मध्याजवळची ही टेकडी त्या काळी तशी सुखवस्तू नव्हती आणि अगदी दरिद्रीही नव्हती. तुर्कस्तानातून आणि ऱ्होड्स बेटावरून आलेले सेफार्डी ज्यू, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन, स्कँडिनेव्हियन, जपानी, चिनी आणि थोडी कृष्णवर्णीय कुटुंबे असा सगळा मेळ तिथे होता.

हा मेळ कोणी हौसेने जमवला नव्हता. शहराच्या इतर भागांत १९२० च्या दशकापासून घरांच्या खरेदीखतांमध्ये एक कलम टाकले जाऊ लागले होते : हे घर गोऱ्या वंशाव्यतिरिक्त कोणालाही विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. काही खतांत वगळलेल्यांची नावे घेतलेली असत. निग्रो, एशियाटिक, मलय, कधी ज्यूसुद्धा. घरी काम करणारा नोकर असेल तर तेवढ्यापुरती सूट. हे कलम जमिनीला चिकटलेले असे. मालक बदलला तरी ते पुढच्या मालकावर बंधनकारक, आणि मोडले तर शेजारी न्यायालयात जाऊ शकत. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांत हस्तक्षेप करायला नकार दिला. शिवाय वॉशिंग्टन राज्याच्या १९२१ च्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना जमीन विकत घ्यायला आणि कसायला घ्यायलाही बंदी होती. मग १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराचे नकाशे रंगवले आणि सेंट्रल डिस्ट्रिक्टवर लाल रंग आला. लाल म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे.

ज्यांना बाकी शहराने दार लावले, त्या सगळ्यांना याच टेकडीवर जागा मिळाली. त्यांची मुले एकाच हद्दीत आली आणि एकाच शाळेत जाऊ लागली. गारफील्डचे वैविध्य हे शहराच्या विभागणीचे अपत्य होते. शहर जितके काटेकोरपणे वाटले गेले, तितकी ही एक शाळा सरमिसळ होत गेली. यापुढचा सगळा इतिहास या विसंगतीतून निघतो.

यामासाकी १९१२ चा जन्म. जपानी स्थलांतरितांचा मुलगा. गारफील्डमधून तो १९२९ मध्ये बाहेर पडला, वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकला, आणि पुढे नशीब काढायला न्यू यॉर्कला गेला. ते जाणे किती मोलाचे ठरले हे १९४२ मध्ये कळले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना, ते अमेरिकेचे नागरिक असले तरी, हलवण्याचा मार्ग मोकळा झाला. यामासाकीने आपल्या आईवडिलांना वेळीच न्यू यॉर्कला आपल्या छोट्या घरात आणले म्हणून ते छावणीतून वाचले.

सिएटलच्या इतर सुमारे ७ हजार जपान्यांना तशी पळवाट नव्हती. एप्रिल-मे मध्ये त्यांना शहराजवळच्या प्युअ‍ॅलप गावच्या जत्रेच्या मैदानावर नेले गेले. जनावरांच्या प्रदर्शनासाठी असलेल्या त्या जागेला सरकारने ‘कॅम्प हार्मनी’ असे गोड नाव दिले होते. उन्हाळ्यात तिथून त्यांना आयडाहोच्या वाळवंटी पठारावरच्या मिनिडोका छावणीत हलवले. शैक्षणिक वर्ष संपायला काही आठवडे उरले असताना गारफील्डच्या वर्गांतली बाके रिकामी झाली. ज्या मुलांनी रोज सकाळी इतरांबरोबर झेंड्याला वंदन केले, तीच मुले काटेरी कुंपणाआड गेली. शाळा ते थांबवू शकत नव्हती. वर्गातली मैत्री खरी असते, पण तिची सत्ता वर्गाच्या दारापाशी संपते, हे गारफील्डच्या मुलांनी फार लहान वयात पाहिले.

रिकामी बाके फार काळ रिकामी राहिली नाहीत. युद्धामुळे बोइंगच्या विमान कारखान्यांत आणि गोद्यांत कामगार हवे होते. दक्षिणेतून आणि मध्य अमेरिकेच्या शहरांतून कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली. १९४० मध्ये सिएटलमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या ४ हजारांच्या आत होती. १९५० मध्ये ती १५ हजारांच्या पुढे गेली. लोक चौपट झाले, त्यांना राहायला मिळालेली जागा मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. क्विन्सी जोन्सचे वडील शिकागोहून आले ते ब्रेमर्टनच्या नौदल गोदीत सुतारकाम करायला. कुटुंब पुढे सिएटलला आले आणि क्विन्सी गारफील्डमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. शाळेपासून जवळच जॅक्सन स्ट्रीटवर रात्रभर चालणारे जाझ क्लब होते. तिथे त्याची गाठ फ्लोरिडाहून आलेल्या एका आंधळ्या, त्याच्याहून थोड्याच मोठ्या पियानोवादकाशी पडली. तो रे चार्ल्स. त्या शहरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या कामगार संघटनाही वेगवेगळ्या होत्या. शाळेच्या बँडमध्ये मात्र अशी वाटणी नव्हती. क्विन्सी १९५० मध्ये गारफील्डमधून उत्तीर्ण झाला.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वंशावर आधारलेली ती कलमे न्यायालयांमार्फत राबवता येणार नाहीत. कलमांचे दात पडले, पण घरांचे दलाल, बँका आणि शेजारी तेच राहिले. ज्यू आणि इटालियन कुटुंबे हळूहळू इतर उपनगरांत गेली, कारण त्यांना आता जाता येत होते. कृष्णवर्णीयांना जाता येत नव्हते. त्यामुळे शाळेचा चेहरा बदलत गेला. १९६१ पर्यंत गारफील्डमधली निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय होती, तर शहराच्या सगळ्या शाळा मिळून हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग सिएटलला आले. त्यांच्या आयुष्यातली या शहराची ही एकमेव भेट. त्यांच्या भाषणासाठी ठरलेले एका मोठ्या चर्चचे सभागृह ऐनवेळी नाकारले गेले, आणि सभा दुसरीकडे घ्यावी लागली. त्या दौऱ्यात ते गारफील्डच्या मुलांपुढेही बोलले. शहरातले एक दार बंद होत असताना या शाळेचे दार उघडे राहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण शहराला आपले मत बदलायची घाई नव्हती. १९६४ मध्ये घरांच्या विक्रीत वंशभेद करू नये या प्रस्तावावर सिएटलच्या नागरिकांनी मतदान केले आणि तो दुपटीहून अधिक मतांनी फेटाळला. स्वतःला पुरोगामी समजणाऱ्या शहराचा हा कौल होता.

मग रोष शाळांकडे वळला. १९६६ च्या वसंतात हजारो मुलांनी दोन दिवस सरकारी शाळांवर बहिष्कार टाकला आणि चर्चमध्ये, सभागृहांत भरलेल्या ‘स्वातंत्र्यशाळां’मध्ये ती जाऊन बसली. एप्रिल १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या सत्तेचा पुकारा करणारे स्टोकली कारमायकल गारफील्डच्या सभागृहात बोलले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हेंड्रिक्स आला. त्यानंतर दोन महिन्यांनी किंग यांची हत्या झाली, आणि त्याच एप्रिलमध्ये सिएटलच्या नगरपरिषदेने घरांबाबतचा तोच कायदा एकमताने मंजूर केला. म्हणजे हेंड्रिक्स ज्या सकाळी आपल्या जुन्या शाळेत अवघडून उभा होता, त्या सकाळी सिएटलमधला एखादा घरमालक केवळ त्याच्या रंगावरून त्याला घर नाकारू शकत होता, आणि शहराचा कोणताही नियम त्याला अडवत नव्हता.

कायद्याने रेषा पुसली, तरी वस्ती रातोरात हलत नाही. म्हणून १९७८ मध्ये सिएटलने बसचा मार्ग धरला. मुलांना त्यांच्या भागातून दुसऱ्या भागातल्या शाळेत बसने न्यायचे आणि शाळा मिश्र करायच्या. न्यायालयाने हुकूम न देता हे आपणहून करणारे ते पहिले मोठे अमेरिकन शहर. राज्यातल्या मतदारांनी त्याच वर्षी याविरुद्ध कौल दिला, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. बस चालू राहिल्या. अनेक गोऱ्या कुटुंबांनी उपनगरांची किंवा खाजगी शाळांची वाट धरली.

गारफील्डसमोरचा प्रश्न उलटा होता. इथे गोरी मुले आणायची होती. त्यासाठी शाळेत विज्ञानाचे खास वर्ग सुरू झाले आणि पुढे शहरभरातल्या ‘हुशार’ ठरवलेल्या मुलांसाठीच्या विशेष अभ्यासक्रमाची माध्यमिक शाखा गारफील्डला आली. लहानपणी एका चाचणीत निवडली गेलेली मुले त्या वाटेने वर चढत गारफील्डला पोहोचत. योजना यशस्वी झाली. गोरी आणि आशियाई मुले मोठ्या संख्येने आली, शाळेचा निकाल उंचावला, नावाजलेल्या विद्यापीठांत मुले जाऊ लागली. पण ती ज्या वर्गांत बसत त्यांत कृष्णवर्णीय मुले फारशी दिसत नसत, आणि नेहमीच्या वर्गांत गोरी मुले दिसत नसत. जेवणाच्या सुटीतली टेबलेही तशीच. शहराच्या नकाशावरची रेषा आता शाळेच्या वेळापत्रकात आली होती.

याचा सगळ्यात बोचरा पुरावा एका खटल्याच्या कागदांत सापडतो. हायस्कूलमध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेचा वांशिक समतोल सुधारणाऱ्या विद्यार्थ्याला प्राधान्य, असा सिएटलचा नियम होता. काही पालकांनी त्याला आव्हान दिले आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्या निकालपत्रात २०००-०१ सालच्या पाच गर्दीच्या हायस्कूलांची आकडेवारी आहे. पाचांपैकी एकच शाळा शहराने ठरवलेल्या वांशिक समतोलाच्या मर्यादेत बसत होती. ती शाळा गारफील्ड. म्हणजे कागदावर ही शहरातली आदर्श मिश्र शाळा होती. कागद पटावरची डोकी मोजत होता. तासाला कोण कोणत्या खोलीत जाते हे मोजायला त्यात रकाना नव्हता.

हे सगळे काळेकुट्ट रंगवणेही खोटे ठरेल. १९७१ मध्ये क्लॅरेन्स एकॉक्स नावाचे शिक्षक न्यू ऑर्लिन्सहून गारफील्डला बँड शिकवायला आले आणि जवळजवळ अर्धे शतक राहिले. त्यांनी मोडकळीला आलेला बँड उभा केला आणि त्यातून असा जाझ वाद्यवृंद घडवला, की न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये होणारी ‘इसेन्शियली एलिंग्टन’ ही शालेय स्पर्धा त्याने २००३, २००४, २००९ आणि २०१० अशी चार वेळा जिंकली. पण इथेही तोच काटा आहे. चांगले वाद्य आणि खाजगी शिकवणी यांना पैसा लागतो, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीतात तरबेज होण्याची संधी ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच अधिक मिळू लागते. एकॉक्स यांनी ते ओळखले. २०१० मध्ये त्यांनी इतरांसोबत एक संस्था काढली, जी ऐपत नसलेल्या मुलांनाही जाझ शिकवते.

जानेवारी २०१३ मध्ये गारफील्डच्या शिक्षकांनी आणखी एक पाऊल उचलले. जिल्ह्याने लादलेली एक प्रमाणित चाचणी आपण घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ती अभ्यासक्रमाशी जुळत नाही, ग्रंथालयातले संगणक आठवडेच्या आठवडे अडवते आणि मुलांविषयी काही सांगत नाही, हे त्यांचे म्हणणे. बिनपगारी निलंबनाची धमकी आली. विद्यार्थी आणि पालक शिक्षकांच्या बाजूने उभे राहिले, आणि मे महिन्यात हायस्कूलांना त्या चाचणीतून सूट मिळाली. ज्या शाळेत एका लहानपणीच्या चाचणीने मुलांचे दोन भाग केले होते, तिथल्या शिक्षकांनी दुसरी चाचणी नाकारावी यात मला एक सरळ धागा दिसतो. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, शाळेने नववीच्या भाषा आणि इतिहासाच्या वर्गांतली ‘हुशार’ आणि ‘साधारण’ ही विभागणीच काढून टाकली. सगळी मुले एकाच वर्गात. काही पालकांनी विरोध केला. त्यात अभ्यासाचा दर्जा घसरण्याची भीती होती, आणि आपल्या मुलाची वेगळी खोली जाण्याचीही.

दरम्यान शाळेबाहेरची वस्तीच बदलली. १९७० च्या सुमारास सेंट्रल डिस्ट्रिक्टमधल्या दहातल्या सात माणसांचा वर्ण काळा होता. आता दोनही नाहीत. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉनच्या पैशाने घरांच्या किमती चढल्या आणि ज्या टेकडीवर कृष्णवर्णीयांना कोंडले होते, तिथेच राहणे त्यांना परवडेनासे झाले. ती कुटुंबे दक्षिणेकडे, रेंटन, केंटकडे सरकली. २००८ मध्ये १० कोटी डॉलरहून अधिक खर्चून शाळेची जुनी इमारत नव्यासारखी झाली आणि क्विन्सी जोन्सच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले. पण जून २०२४ मध्ये शाळेच्याच आवारात, भर दुपारी, एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा गोळी लागून मृत्यू झाला. कौतुकाच्या यादीशेजारी ही नोंदही ठेवावी लागते.

या गोष्टीत आपण कुठे येतो? सिएटलच्या ज्या मतदारसंघात सेंट्रल डिस्ट्रिक्ट येतो, त्याच्या नगरसेविका पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत होत्या. त्यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारे सिएटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक भारतीयांनी, त्यांत मराठीही आले, हा प्रश्न इथे नाहीच असे हिरिरीने सांगितले. शाळेच्या पटावर आपली मुले ‘एशियन’ या रकान्यात मोजली जातात. व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्यांची नातवंडे आणि संगणक अभियंत्यांची मुले एकाच रकान्यात. शंभर वर्षांपूर्वी खरेदीखतात ‘एशियाटिक’ हा शब्द आपल्याला दाराबाहेर ठेवत होता. आज आपल्यापैकी पुष्कळ जण चांगली शाळा असलेल्या हद्दीतच घर घेतात आणि मूल विशेष वर्गात जावे म्हणून धडपडतात. त्यात गुन्हा काही नाही. पण रेषा कोणी ओढली हे ठाऊक असताना तिच्या सोयीच्या बाजूला उभे राहणे, आणि वर ती रेषा नाहीच म्हणणे, या दोन गोष्टी एकत्र करता येत नाहीत.

२०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा करून विद्यापीठांना जुनी खरेदीखते तपासून अशी कलमे शोधण्याचे काम दिले. त्या कलमांमुळे ज्यांच्या कुटुंबांना घर नाकारले गेले, त्यांच्या वंशजांना पहिले घर घेण्यासाठी मदत देणारा कायदा २०२३ मध्ये आला. ज्या टेकडीवर त्यांच्या आजी-आजोबांना राहावे लागले, तिथले घर त्या मदतीतही कितीजणांना परवडेल, हा प्रश्न उरतोच. शाळा मात्र तिथेच आहे. रोज सकाळी अजूनही सगळ्या रंगांची मुले तिच्या एकाच दारातून आत जातात. पुढे जिन्यावरून कोण कुठल्या वर्गाकडे वळते, ते पाहायला हवे.